सारख्या उच्चाराचे इंग्रजी शब्द अचूक कसे निवडावेत

मराठी लिहिताना कानावर विसंबता येते. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ अशा ह्रस्व-दीर्घाच्या मोजक्या जोड्या सोडल्या, तर जे ऐकू येते ते बहुतेक तसेच कागदावर उतरते. इंग्रजी लिहिताना हीच सवय अडचणीची ठरते, कारण इंग्रजी स्पेलिंग केवळ उच्चाराची नोंद करत नाही. शब्दाचे कूळ, त्याचे व्याकरणातील काम आणि पुष्कळदा त्याचा आता लोपलेला जुना उच्चारही ते जपून ठेवते. म्हणून ‘देअर’ असे ऐकू आल्यावर तीन शब्दांपैकी कोणता लिहायचा, हे कान सांगू शकत नाही. ते वाक्यातील त्या शब्दाच्या कामावरून ठरते, आणि पुढील बहुतेक पायऱ्या लक्ष कानाकडून कामाकडे वळवण्यासाठीच आहेत.

या लेखात दोन शब्दांचे देवनागरी रूप एकच होते तेथे स्पेलिंग अक्षरांच्या नावांनी, म्हणजे शाळेत मोठ्याने म्हणून पाठ करतात तसे, दिले आहे. वाचताना ती अक्षरे शेजारच्या कागदावर रोमन लिपीत उतरवत गेल्यास शब्द अधिक पक्के होतील.

पहिली पायरी : गोंधळ कोणत्या जातीचा आहे ते ओळखणे

गोंधळात पाडणाऱ्या शब्दांच्या याद्यांमध्ये दोन अगदी वेगळ्या जाती एकत्र केलेल्या असतात, आणि माझ्या मते त्या याद्या पाठ करूनही फारसा फरक पडत नाही याचे मोठे कारण हेच आहे. काही शब्द इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्या तोंडीही एकसारखेच उच्चारले जातात. काही शब्दांचे उच्चार मात्र मुळात वेगळे असतात. ते एकसारखे होतात ते आपल्या तोंडी आणि आपल्या लिपीत.

‘सेल’ हा शब्द पाहावा. देवनागरीत हे एकच रूप इंग्रजीतील चार शब्दांसाठी वापरले जाते. एस-ई-एल-एल म्हणजे विकणे, सी-ई-एल-एल म्हणजे पेशी किंवा कोठडी, एस-ए-एल-ई म्हणजे विक्री आणि एस-ए-आय-एल म्हणजे जहाजाचे शीड. यांपैकी पहिल्या दोघांचा उच्चार इंग्रजीत खरोखर एकच आहे आणि शेवटच्या दोघांचाही आपसांत एकच आहे. परंतु पहिली जोडी आणि दुसरी जोडी यांच्या स्वरांत स्पष्ट फरक आहे, जो आपली एक मात्रा दाखवू शकत नाही. तेव्हा ‘विकणे’ आणि ‘पेशी’ यांतील गोंधळ कान कितीही तयार केला तरी सुटणार नाही, तर ‘विकणे’ आणि ‘विक्री’ यांतील गोंधळ एकदा उच्चार नीट ऐकला की कायमचा सुटू शकतो.

जात ओळखण्याची रीत सोपी आहे. उच्चार ऐकवणाऱ्या कोणत्याही इंग्रजी शब्दकोशात दोन्ही शब्द शोधावेत आणि त्यांच्यापुढील उच्चारचिन्हे ताडून पाहावीत. चिन्हे अगदी सारखी असतील तर गोंधळ इंग्रजीचा आहे. एका चिन्हाचाही फरक असेल तर गोंधळ आपला आहे.

हे शब्द एकसारखे का झाले, याची थोडी माहिती असली की स्पेलिंगचा राग कमी येतो आणि ते लक्षातही राहते. रात्र या अर्थाचा आणि सरदार या अर्थाचा ‘नाइट’ हे पूर्वी वेगळे ऐकू येत असत, कारण सरदाराच्या शब्दातील आरंभीचा ‘के’ उच्चारला जाई. सतराव्या शतकाच्या सुमारास तो लोपला. ‘लिहिणे’ या अर्थाच्या ‘राइट’मधील आरंभीचा ‘डब्ल्यू’ही एके काळी उच्चारात होता. पंधराव्या ते सतराव्या शतकांदरम्यान इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणावर सरकले आणि पाहणे व समुद्र, भेटणे व मांस अशा जोड्या, ज्यांचे स्वर पूर्वी भिन्न होते, त्या एकाच उच्चारावर येऊन मिळाल्या. विल्यम कॅक्स्टन यांनी 1476 मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केला होता. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिरावत गेले आणि उच्चार मात्र बदलत राहिला. काही अक्षरे तर उच्चारात कधीच नव्हती. ‘संपूर्ण’ या अर्थाच्या ‘होल’पुढचा ‘डब्ल्यू’ नंतर जोडला गेला आणि ‘कर्ज’ या अर्थाच्या ‘डेट’मधील ‘बी’ लॅटिन मूळ दिसावे म्हणून विद्वानांनी घातला.

एकसारखेपणा प्रदेशागणिकही बदलतो. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात स्वरानंतरचा ‘आर’ बोलला जात नाही, त्यामुळे तेथे ‘सॉस’ आणि ‘सोर्स’ एकच ऐकू येतात. अमेरिकेत आणि स्कॉटलंडमध्ये सामान्यतः तसे होत नाही. आपण मराठी भाषक ‘र’ स्पष्ट उच्चारतो, त्यामुळे हा एक गोंधळ आपल्या वाट्याला येत नाही. लेखनातील स्पेलिंग मात्र या साऱ्या प्रदेशांत जवळजवळ एकच राहते, आणि म्हणून निर्णय त्यावरच बेतावा लागतो.

दुसरी पायरी : जोडीतला अरुंद शब्द आधी पक्का करणे

‘या दोन शब्दांतला फरक’ अशी मांडणी करून दोन्ही शब्द एकाच वेळी पाठ केले, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. फरक आठवतो, पण कोणता कुणाचा ते आठवत नाही. यापेक्षा चांगला मार्ग असा की जोडीतील ज्या शब्दाचे काम अधिक मर्यादित आहे तो एकटाच पक्का करावा आणि उरलेल्या सर्व ठिकाणी दुसरा शब्द लिहावा.

‘टू’ या उच्चाराच्या तीन शब्दांत संख्येचा टी-डब्ल्यू-ओ कुणी चुकत नाही. उरलेल्या दोघांत टी-ओ-ओ याची कामे दोनच आहेत : ‘सुद्धा’ आणि ‘प्रमाणाबाहेर’. वाक्यात यांपैकी एकही अर्थ नसेल तर डोळे झाकून टी-ओ लिहावे. ‘दॅन’ हा शब्द तुलनेखेरीज सहसा येत नाही. तुलना नसेल तर ‘देन’. डब्ल्यू-ई-ए-ने सुरू होणारा ‘वेदर’ नाम म्हणून हवामानापुरताच आहे. ‘की नाही’ असा अर्थ असेल तर एच असलेला दुसरा. ‘एक्सेप्ट’ म्हणजे वगळून. वगळण्याचा अर्थ नसेल तर ‘ॲक्सेप्ट’.

‘पास्ट’ची जोडी थोडी वेगळी आहे. शेवटी ‘ई-डी’ असलेला शब्द हे ‘पास’ या क्रियापदाचे रूप आहे आणि त्याचे काम तेवढेच आहे. तेव्हा वाक्यात दुसरे क्रियापद शोधावे. ‘ती दारावरून चालत गेली’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्यात ‘वॉक्ड’ हे क्रियापद आधीच आहे, म्हणून तेथे एस-टी असलेला ‘पास्ट’ येतो. ‘वॉक्ड’ काढून टाकले आणि ‘पास्ट’लाच क्रियापदाचे काम करावे लागले, तर ‘ई-डी’ असलेला येतो. ‘हॅज’, ‘हॅव’ किंवा ‘वॉज’ ही साहाय्यक क्रियापदे मोजताना मुख्य क्रियापद कोणते तेवढे पाहावे.

‘लेड’ या शब्दाला स्वतंत्र इशारा हवा. ‘नेतृत्व करणे’ या क्रियापदाचा भूतकाळ एल-ई-डी असा तीन अक्षरी आहे. तो एल-ई-ए-डी असा लिहिण्याची चूक सुशिक्षित लेखनातही फार आढळते, कारण शिसे या धातूचे नाव तसेच लिहून ‘लेड’ असेच उच्चारले जाते आणि शिवाय ‘वाचणे’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप स्पेलिंग न बदलता ‘रेड’ होते. येथे साम्य दिशाभूल करते.

तिसरी पायरी : अपॉस्ट्रॉफी दिसली की शब्द उलगडून वाचणे

‘इट्स’, ‘युअर’, ‘हूज’ आणि ‘देअर’ या चार उच्चारांवर होणाऱ्या चुका बहुधा सर्वांत अधिक आहेत, आणि गंमत म्हणजे या सर्वांना एकच कसोटी पुरते. या शब्दांतील अपॉस्ट्रॉफी ही गाळलेल्या अक्षराची खूण आहे. ‘इट्स’मध्ये ती असेल तर तो शब्द ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ यांचे आखूड रूप आहे. ‘युअर’मध्ये असेल तर ‘यू आर’, ‘हूज’मध्ये असेल तर ‘हू इज’ किंवा ‘हू हॅज’ आणि ‘देअर’मध्ये असेल तर ‘दे आर’. वाक्य मोठ्याने वाचताना आखूड रूपाच्या जागी उलगडलेले रूप म्हणावे. वाक्य टिकले तर अपॉस्ट्रॉफी ठेवावी, मोडले तर काढावी. या कसोटीला अपवाद नाही.

तरीही ‘त्याचे’ या अर्थी अपॉस्ट्रॉफीसह ‘इट्स’ लिहिण्याचा मोह का होतो, हे समजून घ्यावे. नामांना मालकी दाखवताना अपॉस्ट्रॉफी आणि एस लागतो, म्हणून हात आपोआप सर्वनामालाही तेच लावतो. परंतु ‘हिज’, ‘हर्स’, ‘आवर्स’, ‘युअर्स’, ‘देअर्स’ यांपैकी कोणत्याही सर्वनामात अपॉस्ट्रॉफी नाही. ‘इट्स’ याच कुटुंबातले आहे, असे एकदा मनात बसले की नियम वेगळा आठवावा लागत नाही.

‘देअर’मधील उरलेल्या दोन शब्दांसाठी शब्दाच्या आत पाहावे. ‘तेथे’ या अर्थाच्या शब्दात ‘येथे’ या अर्थाचा एच-ई-आर-ई लपलेला आहे, आणि तोच ‘कोठे’ या अर्थाच्या ‘व्हेअर’मध्येही आहे, स्थळ दाखवणारे तिन्ही शब्द एकाच साच्याचे आहेत. ‘ऐकणे’ या अर्थाच्या ‘हिअर’मध्ये मात्र कान या अर्थाचा ई-ए-आर आहे.

याच गटात एक अशी चूक येते जी अपॉस्ट्रॉफी न कळल्यामुळे होते. ‘शुड हॅव’, ‘वुड हॅव’, ‘कुड हॅव’ यांची आखूड रूपे बोलताना ‘शुडव्ह’, ‘वुडव्ह’, ‘कुडव्ह’ अशी ऐकू येतात आणि लिहिणारा त्यातील शेवटचा आवाज ‘ऑव्ह’ समजून ओ-एफ लिहितो. मातृभाषा इंग्रजी असणारेही ही चूक करतात. ‘शुड’, ‘वुड’, ‘कुड’ यांच्यानंतर भूतकाळाचा अर्थ असेल तर तेथे ‘हॅव’च असते. ओघाने हेही सांगतो की एका एफचा शब्द ‘ऑव्ह’ असा आणि दोन एफचा ‘ऑफ’ असा उच्चारला जातो. आपण दोन्हींना ‘ऑफ’ म्हणतो आणि मग लिहिताना एफ मोजत बसतो.

चौथी पायरी : नाम की क्रियापद, हे ठरवणे

शाळेतील व्याकरणात कठोर आणि मृदू व्यंजनांची ओळख झालेली असते. ती येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते. इंग्रजीतील जोड्यांचा एक मोठा गट असा आहे की नामाच्या शेवटी कठोर व्यंजन येते आणि क्रियापदाच्या शेवटी त्याचेच मृदू रूप. ‘बिलीफ’ हे नाम, ‘बिलीव्ह’ हे क्रियापद. ‘प्रूफ’ नाम, ‘प्रूव्ह’ क्रियापद. श्वास या अर्थाचे नाम ‘ब्रेथ’ कठोर, तर श्वास घेणे हे क्रियापद ‘ब्रीद’ मृदू, आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी एक ‘ई’ वाढतो. ‘क्लॉथ’ आणि ‘क्लोद’, ‘बाथ’ आणि ‘बेद’ यांच्याही क्रियापदाला तसाच ‘ई’ आहे. इतकेच काय, यू-एस-ई हा एकाच स्पेलिंगचा शब्द नाम असताना ‘यूस’ आणि क्रियापद असताना ‘यूझ’ असा उच्चारला जातो, पण आपण दोन्हींना सर्रास ‘यूज’ म्हणतो.

‘सल्ला’ या अर्थाचे नाम ‘ॲडव्हाइस’ सी-ने लिहितात आणि ‘सल्ला देणे’ हे क्रियापद ‘ॲडव्हाइझ’ एस-ने. ‘डिव्हाइस’ आणि ‘डिव्हाइझ’ यांचेही तसेच. ही जोडी उच्चाराने वेगळी असल्यामुळे ती कळ म्हणून वापरता येते. ‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’ यांच्या नाम व क्रियापदांचा उच्चार एकच आहे, परंतु ब्रिटिश पद्धतीत येथेही नाम सी-ने आणि क्रियापद एस-ने लिहितात. शंका आली तर त्या जागी ‘ॲडव्हाइस’ बसतो की ‘ॲडव्हाइझ’ हे मनात म्हणून पाहावे. अर्थ बिघडेल, पण व्याकरण टिकते की नाही ते लगेच कळेल. अमेरिकन पद्धतीत ‘प्रॅक्टिस’ दोन्ही कामांसाठी सी-ने आणि ‘लायसन्स’मधील शेवटचे व्यंजन दोन्ही कामांसाठी एस-ने लिहितात, म्हणून आपण कोणती पद्धत पाळतो आहोत ते लेखनाच्या आरंभीच ठरवावे आणि ती मध्ये बदलू नये.

‘लूझ’ आणि ‘लूस’ हेही याच नियमात बसतात. गमावणे हे क्रियापद मृदू आहे आणि त्यात एकच ओ आहे. सैल हे विशेषण कठोर आहे आणि त्यात दोन ओ आहेत. येथे सावध राहावे लागते ते ‘चूझ’ या शब्दामुळे, कारण त्याचा यमक ‘लूझ’शी जुळतो, पण त्यात दोन ओ आहेत आणि एक ओ केला की तो ‘चोझ’ हा भूतकाळ होतो. यमकावरून इंग्रजी स्पेलिंग ठरवू नये, याचे हे चांगले उदाहरण आहे.

‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले जाते. व्यवहारात इतके पुरे की ए-चा शब्द क्रियापद आहे, ई-चा नाम आहे, आणि शब्दाच्या आधी ‘ॲन’, ‘द’ किंवा विशेषण बसत असेल तर तो नाम असतो. दोन अपवाद मात्र माहीत असावेत. ई-चा शब्द क्रियापद झाला की त्याचा अर्थ ‘घडवून आणणे’ असा होतो. बदलावर परिणाम करणे आणि बदल घडवून आणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि औपचारिक लेखनात दोन्ही येतात. दुसरे म्हणजे मानसशास्त्रात ए-चा शब्द नाम म्हणून भावावस्थेसाठी वापरतात, आणि तेव्हा आघात पहिल्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या पहिल्या उच्चारखंडावर, येतो.

पाचवी पायरी : शब्दाचे कुटुंब शोधणे

ज्या जोड्या व्याकरणाने सुटत नाहीत त्यांच्यासाठी अनेक जण गमतीदार वाक्ये पाठ करतात. मला ती पद्धत कच्ची वाटते, कारण वाक्य विसरले की आधारच जातो. शब्दाचे कुटुंब अधिक भरवशाचे असते. ‘कॉम्प्लिमेंट’ या उच्चाराच्या दोन शब्दांपैकी पूरक या अर्थाचा शब्द ‘कम्प्लीट’च्या कुळातला आहे, म्हणून त्यात एल-नंतर ई आहे, आय असलेला दुसरा म्हणजे प्रशंसा. संदर्भ देणे या अर्थाचा ‘साइट’ सी-ने सुरू होतो, कारण त्याचे नाम ‘सायटेशन’ आहे, जागा या अर्थाचा एस-आय-टी-ई ‘सिच्युएशन’च्या नात्यातला आहे, जी-एच असलेला तिसरा दृष्टीचा आहे. ‘इलिसिट’ या उच्चाराच्या जोडीत दोन एलचा शब्द ‘इल्लीगल’चा सोबती आहे आणि अवैध हाच त्याचा अर्थ आहे, एका एलचा शब्द म्हणजे उत्तर किंवा प्रतिसाद काढून घेणे.

‘प्रिन्सिपल’बाबत इंग्रजी शाळांतून जी युक्ती शिकवतात, की महाविद्यालयाचा प्रमुख हा तुमचा मित्र आहे म्हणून शेवटी पी-ए-एल, ती माणसापुरतीच चालते. कर्जाचे मुद्दल आणि ‘मुख्य’ हे विशेषण यांनाही तोच ए-एल असलेला शब्द लागतो, आणि तेथे मित्र कामाला येत नाही. त्याऐवजी दुसऱ्या पायरीकडे वळावे : एल-ई असलेला शब्द फक्त तत्त्व या अर्थाचे नाम आहे. तत्त्व, नियम किंवा सिद्धान्त यांपैकी काही नसेल तर ए-एल.

‘स्टेशनरी’चा उगम जाणून घेण्याजोगा आहे. स्थिर या अर्थाचा आणि लेखनसामग्री या अर्थाचा, दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातून आले. फिरत्या विक्रेत्यांच्या तुलनेत एका जागी दुकान मांडून बसणाऱ्या पुस्तकविक्रेत्याला ‘स्टेशनर’ म्हणत, आणि त्याच्याकडे मिळणाऱ्या सामानाला त्याच्यावरून नाव पडले. ‘स्टेशनर’मध्ये शेवटी ई-आर आहे, म्हणून सामानातही ई-आर, स्थिर या विशेषणात ए-आर.

‘कौन्सिल’ ही समिती किंवा परिषद सी-आय-एल-ने संपते. ‘काउन्सेल’ म्हणजे सल्ला, किंवा न्यायालयात बाजू मांडणारा वकील, एस-ई-एल-ने. ‘डिस्क्रीट’च्या जोडीत टी दोन ई-ना वेगळे करतो त्या शब्दाचा अर्थच ‘अलग अलग’ असा आहे, आणि दोन ई शेजारी असलेला शब्द गुप्तता सांभाळणाऱ्या माणसासाठी आहे. ‘डिझर्ट’बाबत एवढे लक्षात ठेवावे की जेवणानंतरच्या गोड पदार्थात दोन एस आहेत, बाकी सर्व ठिकाणी, वाळवंट असो, सोडून जाणे असो किंवा ‘जस्ट डिझर्ट्स’ म्हणजे केलेल्या कर्माचे योग्य फळ असो, एकच एस. शेवटचा शब्द ‘डिझर्व्ह’च्या कुळातला आहे, मेजवानीच्या नव्हे.

वाक्प्रचारांतील शब्द

वाक्प्रचारात शब्दाचा मूळ अर्थ झाकला जातो, म्हणून अनुभवी लेखकही येथे घसरतात. ‘फ्री रेन’ म्हणजे मोकळीक. यातील शब्द आर-ई-आय-एन, म्हणजे घोड्याचा लगाम आहे. राज्य करणे या अर्थाचा, मध्ये जी असलेला ‘रेन’ तेथे लिहिला तरी अर्थ लागल्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच चूक टिकून राहते. मराठीतही आपण लगाम सैल सोडतो, त्यामुळे हा वाक्प्रचार आपल्याला खरे तर जवळचा वाटावा. ‘टो द लाइन’ म्हणजे आखून दिलेल्या मर्यादेत राहणे. यात टी-ओ-ई, पायाचे बोट, आहे, कारण रेषेला बोटे लावून उभे राहण्यावरून हा प्रयोग आला. ओढून नेणे या अर्थाचा टी-ओ-डब्ल्यू येथे चालत नाही. ‘व्हेट वन्स ॲपेटाइट’मध्ये डब्ल्यू-एच-ई-टी म्हणजे धार लावणे हा शब्द आहे, ओले करणे नव्हे. ‘बेटेड ब्रेथ’मधील पहिल्या शब्दात आय नाही, तो ‘अबेट’, म्हणजे कमी होणे, यावरून आला आहे आणि त्याचा आमिषाशी संबंध नाही. एखादा कागद बारकाईने वाचणे म्हणजे ‘पोअर ओव्हर’, पी-ओ-आर-ई. यू घातला तर त्या कागदावर काहीतरी ओतले जाईल.

जोडून की तोडून, हाही प्रश्न याच जातीचा आहे. ‘अपार्ट’ जोडून लिहिले तर अर्थ अलग, आणि ‘अ पार्ट’ तोडून लिहिले तर एक भाग. म्हणजे एका मोकळ्या जागेने अर्थ उलटा होतो. ‘एव्हरीडे’ जोडून लिहिलेले विशेषण आहे, रोजचा. दर दिवशी असे म्हणायचे असेल तर तोडून. एका एलने जोडून लिहिलेला ‘अलॉट’ हा शब्दच नाही, आणि दोन एलचा ‘अलॉट’ हा वाटून देणे या अर्थाचा वेगळा शब्द आहे. पुष्कळ या अर्थी दोन शब्दच लागतात.

सहावी पायरी : आपल्या तोंडी सारखे झालेले शब्द वेगळे करणे

येथे मात्र कानच तयार करावा लागतो. इंग्रजीतील ॲ आणि ऑ यांच्यासाठी मराठीने स्वतंत्र चिन्हे घेतली, त्यामुळे ‘बॅट’ आणि ‘बेट’ यांत आपण गोंधळत नाही. ‘ए’च्या दोन स्वरांसाठी अशी सोय झाली नाही. म्हणून ‘सेल’प्रमाणेच ‘वेट’ हे एक रूप ओला, थांबणे आणि वजन यांच्यासाठी, ‘पेन’ हे लेखणी, वेदना आणि काचेचे तावदान यांच्यासाठी, तर ‘वेस्ट’ हे पश्चिम, कंबर आणि वाया घालवणे यांच्यासाठी वापरावे लागते. प्रत्येक त्रिकुटात पहिला शब्द आखूड, एकाच जागी थांबणाऱ्या ‘ए’चा आहे आणि उरलेले दोन ‘ए’कडून ‘इ’कडे सरकणाऱ्या स्वराचे. थांबणे हा शब्द ‘वेइट’ असा, ‘इ’ हलकासा ऐकू येईल इतका ओढून म्हणावा. स्पेलिंगही साथ देते : एकटा ई बहुधा आखूड असतो; ए-आय, ए-वाय, ई-आय-जी-एच किंवा शेवटी मुका ई असलेला ए बहुधा सरकता असतो. ‘म्हणाला’ या अर्थाचा ‘सेड’ हा ठळक अपवाद आहे. त्यात ए-आय असूनही स्वर आखूड आहे.

‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फिल’ आणि ‘फील’, ‘फुल’ आणि ‘फूल’ यांचे मूळ आपल्या शुद्धलेखनाच्या नियमातच आहे. मराठी शब्दांत अकारान्त अक्षरापूर्वीचा इकार-उकार दीर्घ असतो : वीज, तीळ, मूल, ऊस. त्यामुळे शेवटी व्यंजन असलेला इंग्रजी शब्द आला की आपली जीभ स्वर आपोआप लांबवते आणि जहाजाची मेंढी होते. केवळ लांबी कमी करून हे पुरते सुधारत नाही. आखूड स्वर म्हणताना जीभ थोडी खाली आणि ओठ सैल ठेवावे लागतात.

व्ही आणि डब्ल्यू यांच्यासाठी आपण ‘व्ह’ आणि ‘व’ असा भेद लेखनात करतो, पण ‘व्हाइट’, ‘व्हील’ अशा डब्ल्यू-एचच्या शब्दांनाही ‘व्ह’ लावल्यामुळे तो भेद अर्धाच विश्वसनीय राहतो. उच्चारात मात्र खूण पक्की आहे : व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, आणि डब्ल्यू म्हणताना ओठ गोल होतात, दात कुठेच लागत नाहीत. शांत या अर्थाचा ‘क्वाएट’ आणि बराच या अर्थाचा ‘क्वाइट’ यांत पहिल्याला दोन अवयव आहेत. ते सावकाश म्हटले की ई आणि टी यांचा क्रम आपोआप बरोबर येतो.

सातवी पायरी : लिहून झाल्यावर तपासणे

संगणकातील स्पेलिंग तपासणी या चुका पुष्कळदा सोडून देते, कारण चुकीच्या जागी आलेला शब्दही स्वतंत्रपणे शुद्धच असतो. व्याकरण तपासणारी साधने काही चुका दाखवतात, काही वेळा बरोबर शब्दही बदलायला सांगतात. त्यांची सूचना म्हणजे पुन्हा पाहण्याची खूण, एवढेच मानावे. स्वतः ज्या शब्दांत चुकतो त्यांची लहानशी यादी ठेवावी आणि लेखन पूर्ण झाल्यावर शोधण्याच्या सुविधेने त्यातील एकेक शब्द संपूर्ण मजकुरात शोधून प्रत्येक ठिकाणी वर सांगितलेली त्याची कसोटी लावावी. सगळा मजकूर सलग वाचून ही तपासणी होत नाही, कारण वाचताना मन अर्थामागे धावते आणि डोळा अक्षरे सोडून देतो. शेवटच्या वाक्यापासून उलट्या क्रमाने एकेक वाक्य वाचले तर ही धाव थांबते.

संगणकाकडून मजकूर मोठ्याने वाचून घेण्याचा सल्ला नेहमी दिला जातो. तो सहाव्या पायरीतल्या चुकांसाठी उत्तम आहे. ‘क्वाएट’च्या जागी ‘क्वाइट’ लिहिले असेल तर ते लगेच खटकते. पण ‘देअर’ किंवा ‘इट्स’ यांच्या चुका ऐकून कधीच सापडणार नाहीत. तोंडी मजकूर सांगून संगणकाकडून टंकलिखित करून घेतला असेल, तर नेमक्या याच चुका संगणक स्वतः करू शकतो. असा मजकूर तपासताना तिसऱ्या आणि पाचव्या पायरीतील शब्द सर्वांत आधी शोधावेत.

इतके करूनही एखाद्या जागी निर्णय होत नसेल आणि शब्दकोश हाताशी नसेल, तर तो शब्दच टाळावा. ‘अफेक्ट’ऐवजी ‘चेंज’, ‘प्रिन्सिपल’ऐवजी ‘मेन’ किंवा ‘रूल’, ‘डिस्क्रीट’ऐवजी ‘सेपरेट’ असा साधा पर्याय बहुतेक वाक्यांत चालतो.